डोक्यातला बैल, समोरचा बैल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे ‘संगणक आणि आपली शाळा’ या विषयावर लेख मागितला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, तेव्हा मागणी रास्तच होती. शिवाय आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीने शाळेला काय भेट द्यायची याचीही चर्चा चालू आहे, आणि संगणक किती व कोणते घ्यावेत हे मी सांगायचं असं ठरलं आहे. त्यासाठी दिवाळीत नागपूरला आले तेव्हा शाळेत चक्कर मारली. संगणक ठेवायला जी खोली दाखवली, ती पाहून दारातच थबकले. ती आपली ड्रॉइंगची खोली. उत्तरेकडच्या तीन खिडक्या तशाच आहेत. आत मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. ड्रॉइंगचे सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, असं कळलं.

त्यामुळे मागितलेला लेख बाजूला राहिला आणि हा झाला. याची सुरुवात एका लाकडी बैलापासून आहे.

१९९३ चा पोळा. आपण आठवीत होतो आणि एलिमेंटरीची परीक्षा तोंडावर आली होती. वस्तुचित्राच्या सरावासाठी सर रोज काहीतरी आणायचे. कधी पितळी तांब्या, कधी शिपायांकडची बादली, कधी दोन वांगी आणि घडी घातलेलं कापड. (सरांचं नाव लिहीत नाही. शाळेत ड्रॉइंगचे सर एकच होते.) तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा लाकडी बैल आणला. चाकं लावलेला, शिंगांना बेगड, नागपूरच्या घराघरात असतो तसा. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये लहान मुलांसाठी हा सण सुरू केला असं आपण ऐकत आलो. असा बैल ओढत घरोघरी जाऊन बोजारा मागणं तर आपण सगळ्यांनीच केलं आहे. सरांनी तो टेबलावर ठेवला, पण आडवा नाही. तोंड सरळ आमच्याकडे.

तास संपताना कागद गोळा झाले. बहुतेकांच्या कागदावर बैल आडवाच होता. पाठ लांबलचक, चार पाय चार ठिकाणी, फक्त मान कशीबशी आपल्याकडे वळवलेली. माझाही तसाच. सर माझ्या कागदाकडे बघून म्हणाले, “तू बैल पाहून नाही राहिली बेटा. तू डोक्यातला बैल काढून राहिली.”

दुसऱ्या दिवशीचा तास नुसता मापं घेण्यात गेला. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी धरायची आणि अंगठ्याने माप घ्यायचं. कपाळाची रुंदी एक धरली, तर शिंगांच्या टोकांमधलं अंतर किती? खुरांपासून वशिंडापर्यंतची उंची किती? असं मोजत गेलं की बैलाची फूटभर लांबी कागदावर जवळजवळ नाहीशी होते. वशिंड डोक्यामागून थोडं डोकावतं. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा लहान होतात आणि कागदावर किंचित वर सरकतात. समोरून पाहिलं की लांबी अशी आखडते, त्याला चित्रकलेच्या वर्गात फोरशॉर्टनिंग म्हणतात. बादलीचं गोल तोंड लंबगोल काढावं लागतं तेही याच कारणाने. तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, पण डोळ्याला तसं दिसत नसतं.

मग सरांनी पहिल्या बाकावरच्यांना शेवटच्या बाकावर आणि शेवटच्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि पुन्हा माप घ्यायला सांगितलं. माप बदललं! कुणाचं बरोबर यावरून भांडणं झाली. सर हसत म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे.

याचं गणित मला इंजिनिअरिंगला गेल्यावर समजलं. दुप्पट लांब गेलेली वस्तू निम्मी दिसते. बैल ३० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचं तोंड पहिल्या बाकापासून १ मीटरवर आहे असं धरा. म्हणजे मागचा भाग १.३ मीटरवर. १ भागिले १.३ केलं की मागची बाजू पुढच्या बाजूच्या सुमारे ७७ टक्के दिसते. शेवटचा बाक ३ मीटरवर असेल तर तिथून तीच बाजू सुमारे ९१ टक्के दिसते. आज मोबाइलवर मुलं जे खेळ खेळतात, त्यातली प्रत्येक भिंत आणि प्रत्येक माणूस पडद्यावर काढताना आत हाच भागाकार सेकंदाला कोट्यवधी वेळा चाललेला असतो. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली काही वर्षं अशाच त्रिमिती चित्रांच्या प्रोग्रॅमवर काम केलं. बरोबरची मंडळी सूत्र पाठ करून आली होती. मला मात्र बैलाची मागची चाकं दिसायची.

पण एक गोष्ट डोक्यात तशीच राहिली होती. ‘हे सगळं शोधलं कुणी?’ असं वर्गात कुणीतरी विचारलं होतं. सर म्हणाले होते, हे विलायतेतून आलं, आपल्याकडे इंग्रजांनी शिकवलं. तीस वर्षं मी तेच धरून चालले. या दिवाळीत ती खोली पाहिल्यावर म्हटलं, आता एकदा नीट शोधू या.

शोध लागला तो थेट नागपुरातच. आपण सहलीला ज्या अजब बंगल्यात जायचो, ते संग्रहालय १८६३ चं. त्या काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि रिचर्ड टेंपल हे तिथले चीफ कमिशनर. पुढे १८७७ ते १८८० ते मुंबईचे गव्हर्नर होते. विलायतेला परतल्यावर १८८३ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हिंदुस्थानातल्या चित्रकलेच्या शिक्षणाबद्दल लिहिलं आहे. त्याचा आशय असा, की या लोकांना आजवरच्या सगळ्या युगांत जी एक गोष्ट कधीच आली नाही ती या शिक्षणाने येईल, आणि ती म्हणजे माणसाची आकृती असो, निसर्ग असो वा इमारत, समोरची वस्तू बरोबर काढणं. त्यामुळे त्यांचे काही बौद्धिक दोषही सुधारतील आणि निरीक्षण वाढेल, असंही ते म्हणतात.

हे शिक्षण आलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन इथे सरकारने १८५० च्या दशकात चित्रकलेचा एक अभ्यासक्रम बांधला. त्याच्या २३ पायऱ्या. आधी सरळ रेषा आणि भूमिती, मग नक्षी, मग घनाकृती, मग वस्तू, आणि फार पुढे माणूस. त्याच दशकात मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे साउथ केन्सिंग्टनच्याच तालमीतले जॉन ग्रिफिथ्स शिकवायला आले आणि तीस वर्षं राहिले. कोल्हापूरहून १८९० मध्ये आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर त्यांचेच विद्यार्थी. पुढे धुरंधर त्याच संस्थेत शिकवू लागले आणि शेवटी तिचे संचालकही झाले. शाळांमधल्या ग्रेड परीक्षा याच परंपरेतल्या. १९६५ मध्ये महाराष्ट्राचं कला संचालनालय झालं आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट त्याच्याकडे आल्या. आपण वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम आणि भूमितीचे जे पेपर दिले, त्यांचं मूळ असं लंडनपर्यंत जातं. तेव्हा सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते पुरतं नव्हतं.

टेंपल साहेबांच्या ‘कधीच आली नाही’ या म्हणण्याला पहिला छेद पुण्यात जातो. जे. जे. सुरू होण्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी, १७९० च्या सुमारास, पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबट नावाचा चित्रकार काम करत होता. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने काढला, वेरूळची लेणी काढली. मॅलेट यांच्याकडे आलेले चित्रकार जेम्स वेल्स आणि सवाई माधवरावांचा आश्रय यांमुळे शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही काही काळ चालली. १७९५ मध्ये वेल्स वारले, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले आणि ती शाळा मागे पडली. गंगारामची चित्रं मात्र राहिली. त्यातली बरीच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. हिंदुस्थानी चित्रकाराला समोरची वस्तू प्रमाणात काढता येते की नाही, याचं उत्तर टेंपल यांच्या जन्माआधीच कागदावर उतरलं होतं.

यावर कुणी म्हणेल, गंगाराम तरी साहेबांकडूनच शिकला ना? म्हणून आणखी मागे जाऊ. त्यासाठी वाट आपल्या रामटेकवरून आहे.

रामटेकजवळचं नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. याच घराण्याची दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला होती. त्या शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं खोदवलं. लेण्याच्या ओसरीतल्या संस्कृत शिलालेखात हे लिहिलेलं आहे. वाकाटकांचे असे लेख वाचून, एकत्र करून १९६३ मध्ये त्यांचा खंड प्रसिद्ध केला तो आपल्या नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत नावाजलेल्या चित्रांपैकी काहींचा खर्च विदर्भातल्या एका मंत्र्याने केला, हे नागपूरच्या संशोधनातून पक्कं झालेलं आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात वाकाटक होते आणि अजिंठाही होतं. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर होते, एवढंच.

त्या १६ नंबरच्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. बुद्धाचा भाऊ नंद याने संन्यास घेतल्याची बातमी ऐकून त्याची बायको सुंदरी कोसळली, तो हा प्रसंग असं अभ्यासक मानतात. ती टेकून बसली आहे, मान एका बाजूला कलली आहे, पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत, हातातली शक्ती गेली आहे. मागून एक दासी तिला सावरते आहे. कललेलं शरीर, तिरपे खांदे, पुढे आलेला हात, यातली प्रत्येक लांबी चित्रकाराला बदलावी लागलेली आहे. शेजारच्या १७ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत इंद्र आणि त्याचे सोबती ढगांतून उडत येतात. त्यांचे पाय दुमडलेले आहेत आणि गळ्यातले हार वेगामुळे मागे उडाले आहेत. डोक्यातला माणूस काढणाऱ्याला हे जमणार नाही.

आणि हे सगळं कुणी उतरवून घेतलं? त्याच जॉन ग्रिफिथ्स यांनी. १८७२ ते १८८५ या काळात ते जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जात होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातले आघाडीचे विद्यार्थी. शिकवायला आलेला माणूस तिथे शिकू लागला. राजकन्येच्या चित्राबद्दल त्यांनी लिहिलं, की फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगलं केलं असतं आणि व्हेनिसच्या चित्रकाराने रंग, पण यापेक्षा अधिक भाव दोघांनाही आणता आला नसता. तयार झालेल्या बऱ्याच प्रतिकृती साउथ केन्सिंग्टनच्याच संग्रहालयात गेल्या. तिथल्या १८८५ च्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. आता तारखा पुन्हा पाहा. टेंपल गव्हर्नर असताना त्यांच्याच सरकारचे चित्रकार अजिंठ्याला हे काम करत होते, आणि तरीही १८८३ मध्ये ते ‘आजवर कधीच आली नाही’ असं लिहून मोकळे झाले.

या चित्रांमागे नियम होते का? होते. विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. अभ्यासक तो साधारण पाचव्या ते सातव्या शतकातला, म्हणजे अजिंठ्याच्या आसपासच्या काळातला मानतात. त्यात माणसाचे पाच प्रकार आणि त्यांची उंची दिली आहे. हंस १०८ अंगुळं, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. हे झालं प्रमाण. त्यापुढे शरीराच्या नऊ अवस्था येतात. समोरून, थोडं वळलेलं, तिरकं, एका बाजूने, पाठमोरं, वाकलेलं वगैरे. शरीर असं वळलं की काही भाग घटतो, काही वाढतो, आणि त्या घटण्या-वाढण्याला चित्रसूत्राने नाव दिलं आहे ‘क्षयवृद्धी’. हा शब्द वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचलंच नाही. आपण आठवीत ज्याला इंग्रजी नावाने ओळखत होतो, त्याला हा शब्द होता. झोपलेला माणूस आणि मेलेला माणूस यातला फरक ज्याला काढता येतो तो खरा चित्रकार, अशा अर्थाचंही त्यात सांगितलं आहे. सुंदरीचं चित्र समोर ठेवून हे वाचून पाहा.

आता एक खबरदारी. ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं मला म्हणायचं नाही. तेही डोक्यातला बैल काढणंच होईल. १४३५ मध्ये इटलीत अल्बेर्तीने यथार्थदर्शनाची जी रीत लिहिली, ती वेगळी आहे. रुळांसारख्या समांतर रेषा दूर जाऊन एका बिंदूत मिळतात, आणि चित्रातली सगळी जागा त्या एकाच बिंदूच्या हिशेबाने आखली जाते. अजिंठ्यात तसं नाही. तिथले मंडप एकाच चित्रात वेगवेगळ्या बाजूंनी दिसतात. यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभा असलेला १७ नंबरच्या लेण्यातला बुद्ध त्यांच्या कितीतरी पट मोठा आहे, कारण त्यांच्या मनात तो तेवढा आहे. क्षयवृद्धीने शरीर सांभाळलं. घर, रस्ता, अंतर मोजायला अल्बेर्तीची रीत जास्त उपयोगी, आणि माझ्या धंद्यात तिच्याशिवाय पान हलत नाही. जर्मनीच्या ड्यूररच्या १५२५ च्या पुस्तकात एक चित्र आहे. भिंतीतल्या खिळ्यापासून एक दोरी चौकटीतून टेबलावरच्या तंतुवाद्यापर्यंत ताणली आहे, आणि दोरी चौकटीत जिथून जाते तो बिंदू माणसं कागदावर नोंदवत आहेत. आज संगणक प्रकाशकिरण धरून चित्र काढतो, त्याची कल्पना हीच. फक्त दोरी ताणायला माणूस लागत नाही.

नियम तिकडेही तोडावा लागलाच. मान्तेन्याने सुमारे १४८० मध्ये ख्रिस्ताचं शव पायांकडून पाहिलेलं काढलं. नियमाप्रमाणे पाय इतके मोठे यायला हवे होते की शरीराचा बराच भाग झाकला गेला असता. त्याने पाय मुद्दाम लहान केले. आधी बघायला शिकायचं, आणि मग काय सोडायचं ते ठरवायचं, हे फ्लॉरेन्सपासून वाशीमपर्यंत सगळ्या चित्रकारांना करावं लागलं.

हे सगळं मी सरांना फोनवर सांगितलं. आता सत्तरी ओलांडली आहे त्यांनी, पण आवाज तोच. टेंपल साहेबांचं ऐकून हसले. क्षयवृद्धी हा शब्द दोनदा उच्चारून घेतला. मग म्हणाले, “मला माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं ना बेटा. आम्हालाही असंच शिकवलं होतं.” थोडं थांबून विचारलं, “खोली तशीच आहे काय? खिडक्या?” मी हो म्हटलं. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांबद्दल बोलले नाही.

इंटरमिजिएटला मला ‘क’ श्रेणी मिळाली होती. नंतर दहावी आली आणि ‘आता ड्रॉइंग पुरे’ असं घरी ठरलं. ते चूक होतं असंही म्हणणार नाही. इंजिनिअर झाले, बरं चाललं आहे. पण माझ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सवय त्या खोलीतली आहे. प्रोग्रॅम चुकतो तेव्हा तो डोक्यात कसा चालायला हवा हे बाजूला ठेवायचं आणि पडद्यावर खरंच काय दिसतं ते आधी मोजायचं. नवीन मुलांना हे समजावताना मी अजूनही बैलाचीच गोष्ट सांगते.

तर माझं म्हणणं असं. संगणकांची यादी मी समितीला दिली आहे. ते ग्रंथालयाच्या वरच्या रिकाम्या खोलीत नीट बसतात, मी मोजून आले आहे. त्यांना उत्तरेच्या उजेडाची गरज नाही. ड्रॉइंगची खोली मोकळी करून द्यावी, आणि आपल्या वर्गणीतून दोन वर्षं तरी चित्रकलेच्या शिक्षकाचं मानधन द्यावं. पुढची सोय शाळा करेल, किंवा पुढची तुकडी.

मेळाव्याच्या दिवशी हा प्रस्ताव मी मांडणार आहे. सर येतो म्हणाले आहेत. माझ्या मुलीचा लाकडी बैल मी घेऊन येते. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आधी शेवटच्या बाकावर बसून तो काढून दाखवावा. तोंड आपल्याकडे, पेन्सिल ताठ, एक डोळा बंद.